अर्जदार : अब्दुल गनी परकार

गनीचाचा अर्ज लिहायला बसले की आधी कोट चढवत. काळा, लोकरी, मुंबईत शिवलेला. मग टाय. मग हनुवटी वर करून टायची गाठ मधोमध आहे ना, याची आरशात खात्री. आणि खाली लुंगी.

जुलै महिना. शुक्रवारची दुपार. दुबईच्या देऱ्यातल्या आमच्या खोलीत पंखा आधी आला होता आणि वीज बऱ्याच नंतर, तीही मनात असेल तेव्हा. आम्ही बाकीचे तिघे गंजीफ्रॉक पिळून पुन्हा अंगात घालत होतो, आणि हा माणूस लोकरी कोटात टाइपराइटरसमोर ताठ बसलेला. नाकावरचा घाम कागदावर पडू नये म्हणून मान जराशी मागे.

"चाचा, साहेब काय खिडकीतून बघतोय?" मी एकदा विचारलं.

"अर्ज उघड्या अंगानं लिवला ना, की वाचनाऱ्याला कलतं."

"आणि लुंगी नाही का कळत?"

"अर्ज कमरेच्या वरच असतो," चाचा म्हणाले आणि त्यांनी 'रिस्पेक्टेड सर'वर बोटं आपटायला सुरुवात केली.

चाचांच्या जिभेला ळ कधी वळला नाही. इथल्या आपल्या मुलांच्या शाळेपायी त्यांनी किती वर्षं झिजवली, पण म्हणत 'शाला'च.

साठीच्या दशकातली गोष्ट. अमिराती हे नाव अजून जन्माला यायचं होतं आणि बाजारात रुपयाच चालत होता. चाचा आमच्याच खाडीकाठचे, रत्नागिरीकडचे. पन्नाशीला टेकलेले, बारीक, दाढी नीट कातरलेली. बोटींच्या मालाचं काम बघणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात हेडक्लार्क. ऑफिसचा टाइपराइटर दर गुरुवारी संध्याकाळी चादरीत गुंडाळून ते खोलीवर आणत आणि शनिवारी सकाळी परत नेत. मालकाची परवानगी होती. रिबन मात्र चाचांची स्वतःची.

मी बावीस वर्षांचा होतो. माझे वडील मुंबईच्या गोदीजवळ एका छापखान्यात जुळारी होते. कामगारांच्या संपांची पत्रकं त्यांच्या हातून जात. मी बाराखडी पाटीवर नाही, पत्रकांवर शिकलो. पूर्णविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह समजलं. अशा माणसाला नोकरीनं आणून टाकलं ते नेमकं गनीचाचांच्या शेजारच्या खाटेवर.

शाळा म्हणजे एका जुन्या घरातल्या दोन खोल्या आणि अंगणात खजुरीच्या झावळ्यांची सावली. एकतीस मुलं, आणि शिकवायला चिपळूणच्या शरीफाबाई, एकट्या. चाचा शाळेचे सेक्रेटरी. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला इंग्रजीत अर्ज लिहिता येत नव्हता, एवढंच.

त्या उन्हाळ्यात घरमालकानं सांगितलं, ईदनंतर जागा खाली करा, मला गोदाम करायचंय. म्हणजे शाळेला स्वतःचं छप्पर हवं, नाहीतर शाळा बंद. आणि शाळा बंद म्हणजे काय, ते दर शुक्रवारी नमाजनंतर इस्माईल येऊन सांगत असे. इस्माईल मालाच्या तराफ्यांवर हमाल होता. मोठ्या बोटी इथल्या खाडीत शिरत नसत. बाहेर समुद्रात उभ्या राहत आणि त्यांचं सिमेंट तराफ्यांवरून धक्क्याला येई. तिथून पुढे ते इस्माईलच्या पाठीवर. नमाजला अंघोळ करून आला तरी त्याच्या कानांच्या पाळ्या करड्याच असत.

"चाचा, ट्रंक भरू का थांबू?" तो विचारायचा.

ट्रंक बायकोची आणि हमीदाची. हमीदा आठ वर्षांची. इथे शाळा नाही तर पोरगी गावी, आणि पोरगी गावी तर आईही गावी. मग इस्माईल पुन्हा आमच्यासारखा, चार जणांच्या खोलीतली एक खाट.

"थांब," चाचा म्हणायचे. "अर्ज गेलाय."

अर्ज सतराशे ठिकाणी गेले होते म्हटलं तरी चालेल. पैसा गावात नव्हता असं नाही. सिमेंटवाले होते, बँकवाले होते, तेलाच्या विहिरींना सामान पुरवणारे होते. हमालांच्या पाठीवरून रोज उतरणारा पैसा होता तो. त्यातल्या चिमूटभरासाठी आम्ही अर्ज करायचे, आणि वर लिहायचं, आपण उदार आहात! माझं डोकं त्या शब्दापाशी फिरायचं. उदार कोण? ज्याची पाठ सोलली तो, की ज्यानं सोलली तो?

उत्तरं काय यायची तेही सांगतो. एका बँकेनं शाळेला चाळीस कॅलेंडरं पाठवली. फळा मागितला होता. त्या वर्षी शाळेच्या प्रत्येक भिंतीवर तीन तीन कॅलेंडरं होती, आणि एकतीसच्या एकतीस मुलांना आजची तारीख बिनचूक सांगता येत असे.

दूध-पावडरीच्या एका कंपनीनं तर माणूस पाठवला. कॅमेरा घेऊन. त्यानं मुलांना ओळीनं उभं केलं, प्रत्येकाच्या हातात एक एक डबा दिला, "हसा, हसा" म्हणाला, फोटो काढले. मुलं मनापासून हसली. कुणी डब्याला गाल लावला. मग त्या माणसानं डबे परत गोळा केले. मोजून. हमीदानं डबा मागे लपवला होता, तो शरीफाबाईंना तिच्या हातातून सोडवावा लागला.

त्या रात्री मी जेवलो नाही. पुढच्या शुक्रवारी चाचा कोट चढवून बसले. मला वाटलं, आता कंपनीची सालटी निघणार. वाकून बघतो तर 'आपल्या प्रतिनिधीनं शाळेस भेट दिल्याबद्दल आभारी आहोत'.

"आभार कसले चाचा? थुंका त्यांच्यावर!"

"अदबीत रहा," चाचा म्हणाले. हा त्यांचा आवडता शब्द. मला, टाइपराइटरला, उकळून वर येणाऱ्या चहाला, सगळ्यांना एकच सांगणं : अदबीत रहा. "आभाराचं पत्र फायलीत राहतं. थुंकी सुकते."

नकाराची पत्रंही ते फायलीत ठेवत, आणि अदबीच्या क्रमानं लावत. सगळ्यांत वर ज्यानं मनापासून खेद केला तो. खाली नुसता खेदवाला. तळाशी ज्याला खेदच नाही तो. संध्याकाळी चहाबरोबर वरचं एखादं काढून वाचून दाखवत. "बघ, काय इंग्रजी हाय! नाय म्हनतोय, पन कसा म्हनतोय!"

एवढ्या नकारांचं कारण मला कळलं ते एका पत्रामुळे. एका बड्या कंपनीनं लिहिलं होतं : आपल्या शाळेचं उत्तम चाललं आहे हे वाचून संचालकांना आनंद झाला, मात्र आमचा निधी गरजू संस्थांसाठी असल्यामुळे...

मी टाइपराइटरजवळची कार्बनची प्रत ओढून घेतली. चाचांचा अर्ज असा सुरू होत होता : 'परमेश्वराच्या कृपेनं आम्ही इथे सर्व खुशाल आहोत, शाळाही मजेत आहे, आणि आपण, आपले थोरमोठे व लहान मुलं खुशाल असाल अशी आशा करतो.' दुसऱ्या परिच्छेदात हवापाणी. तिसऱ्यात शरीफाबाईंची तारीफ. छपराचा उल्लेख अगदी शेवटी, सहीच्या जरासा वर, आणि तोही 'सवड झाल्यास'.

"चाचा! मागायला गेलात आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगून आलात?"

"मंग? परक्या मानसाला पहिल्याच कागदात रडगानं सांगू?" चाचा खरोखर दुखावले होते. "घरी अम्मीला पन कधी लिवलं नाय मी. टायफाइड झाला तवाही लिवलं, खुशाल हाय. आनि या साहेबाला लिवू, आमच्याकडं छप्पर नाय?"

"हो! तेच लिहायचं! मी लिहितो."

मी लिहिलंही. एका बैठकीत दोन पानं. 'ज्यांच्या खांद्यांवरून तुमचं सिमेंट उतरतं त्यांच्या मुलांच्या डोक्यावर छप्पर नाही! हे दान नाही, ही परतफेड आहे!' चाचांनी दोन्ही पानं चष्मा लावून वाचली. दोनदा वाचली.

"झकास हाय," ते म्हणाले. "भिंतीला चिकटव. साहेबाला धाडायचं नाय."

आमचं भांडण तीन शुक्रवार चाललं. शेवटी तडजोड झाली. खुशाली तळाशी गेली, गरज वर आली, उद्गारचिन्हं सगळी कापली गेली, आणि 'सवड झाल्यास' मी त्यांच्या डोळ्यांदेखत खोडलं. ती ओळ खोडताना चाचांनी तोंड फिरवलं होतं. जणू घरातलं कुणीतरी डोईवर पदर न घेता बाहेर चाललंय.

आणि उत्तर आलं. होकाराचं. इस्माईल ज्यांचं सिमेंट वाहायचा त्याच कंपनीकडून. तीन पक्क्या खोल्या, फळे, बाकं, शरीफाबाईंचा दोन वर्षांचा पगार. चाचांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि त्याच्यासमोर उभेच राहिले. बसावं हे त्यांना सुचेना.

दुसरं पान मी वाचलं. अट होती. शाळेत प्रवेश फक्त नोकरदार, कारकून आणि त्यावरच्या हुद्द्याच्या लोकांच्या मुलांना. धक्क्यावरच्या मजुरांच्या मुलांचा समावेश असू नये. कारण दिलं होतं शिस्त आणि स्वच्छता. सोबत एक छापील फॉर्म : मुलाचं नाव, वय, बाप किंवा पालक, हुद्दा.

एकतीसपैकी अकरा मुलं धक्क्यावरची होती.

मला अजूनही ते पान आठवलं की कानशिलं तापतात. स्वच्छता! ज्यांच्या सिमेंटनं इस्माईल करडा झाला ते म्हणत होते की त्याची मुलगी आमच्या भिंती मळवील. मी तिथेच नकाराचं पत्र लिहून काढलं. चार ओळी. त्यातलं एकही उद्गारचिन्ह आता कुणाच्या बापाला कापता आलं नसतं.

"चाचा, यावर सही करा."

"आनि शाला?"

"रस्त्यावर भरवू. झाडाखाली भरवू."

"झाड दाखव," चाचा म्हणाले.

देऱ्यात तेव्हा शाळा बसेल असं एक झाड नव्हतं. पण मी पत्र फाडलं नाही. चाचांनीही फाडलं नाही. घडी घालून फायलीत ठेवलं आणि म्हणाले, "रविवारी साहेबाला भेटायचं हाय. तोंड बंद ठेवशील तर चल. फायली धरायला मानूस पायजे."

शनिवारी ऑफिस सुटल्यावर ते धक्क्यावर गेले आणि खूप उशिरानं परत आले. बुटांवर सिमेंट. मी काही विचारलं नाही. मी रागावलेलो होतो.

रविवारी अब्रातून, म्हणजे इथल्या छोट्या होडीतून, आम्ही खाडीपलीकडे बर दुबईला गेलो. आज कोटाखाली पँट होती. साहेबाच्या खोलीत थंड हवेचं यंत्र घरघरत होतं आणि चाचांच्या कपाळावरचा घाम बघता बघता वाळला. साहेब गोरा, तरुण, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठा. त्यानं चाचांना बसायला सांगितलं नाही. भरलेला फॉर्म घेतला, बोट फिरवत खाली आला, आणि बोट थांबलं.

"परकार, ही अकरा मुलं कुणाची?"

"माझी, साहेब."

मी फायली घट्ट धरल्या. साहेबानं पुन्हा वाचलं. "वयं सहा ते अकरा. चार जण आठ वर्षांचे."

"होय, साहेब."

मग साहेब हसायला लागला. खुर्ची मागे ढकलून, पोट धरून. शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या गोऱ्याला त्यानं हाक मारली, "ये, ये, हे बघ! चार जण एकाच वयाचे! आणि आपण एकीलाच भितो!" दुसरा आला, त्यानं फॉर्म बघितला, मग चाचांना वरपासून खालपर्यंत बघितलं, तोही हसला. "किती बायका आहेत रे म्हाताऱ्या? वेळापत्रक करतोस की काय?"

चाचा ताठ उभे होते. चेहऱ्यावर अर्ज लिहितानाची अदब.

"अल्लाची मेहरबानी, साहेब," ते म्हणाले.

साहेबाला ठाऊक होतं, अशी माझी आजही खात्री आहे. त्याला सत्याशी देणंघेणं नव्हतं. वरच्या ऑफिसला पाठवायला भरलेला रकाना हवा होता, आणि फुकटात हसायला एक म्हातारा मिळाला होता. डोळे पुसत पुसत त्यानं सही केली.

बाहेर पडून अब्रात बसेपर्यंत मी तोंड बंद ठेवलं. होडी सुटली आणि मी सुटलो.

"तो हसला! दुसऱ्याला बोलावून हसवलं! आणि तुम्ही उभे राहून मेहरबानी म्हणता?"

"सही झाली ना? खलास."

"खोटं लिहिलंत ते लिहिलंत..."

"खोटं कुठं? बाप किंवा पालक, असं छापलंय. मी पालक. काल अकराही जनांच्या बापांना विचारून आलो. धक्क्यावर एकेकाला गाठून. इस्माईल काय म्हनाला माहीत हाय? म्हनाला, चाचा, नाव तुमचं, पोरगी माजी. तीन वाजता शाला सुटली की परत द्या म्हंजे झालं." चाचांना हसू आलं. "त्याला सांगितलं, ट्रंक उघड आता. कपडे बाहेर काढ."

पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर तो पोट धरून हसणारा होता. "दुसऱ्यांची पोरं म्हणून ऐकून घेतलंत. तुमच्या स्वतःच्या पोरांवरून कुणी असं हसलं असतं तर? तेव्हाही अदबीत राहिला असता?"

चाचा पाण्याकडे बघत होते. होडीवाल्यानं समोरच्या होडीला वाट द्यायला वल्हं उचललं. पाणी टपटपलं.

"माझी नाय रे," ते म्हणाले.

"काय नाही?"

"पोरं. झाली नाय."

दीड वर्ष मी त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपत होतो. खोलीतल्या प्रत्येकाच्या मुलांची नावं, दात, गोवर, परीक्षा त्यांना पाठ होत्या. त्यांना आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"एकवीस वर्सं झाली लग्नाला," चाचा सांगू लागले, पाण्याकडेच बघत. "दर खेपेला रजेवर गेलो की जमातीतला कोन ना कोन ओटीवर येऊन बसतो. गनी, दुसरी कर. खदीजा आतून ऐकते. मंग त्याच मानसाला चहा धाडते बाहेर, साखर बरोब्बर घालून. मी सांगतो, एक हाय, पुरे हाय." ते थांबले. "साहेबालाही तेच सांगनार होतो. जिभेवर आलं होतं. पन मंग अकरा पोरांचा हिसाब कसा लागला असता?"

आणि ते हसले. त्या दोन गोऱ्यांपेक्षा मोठ्यानं.

पत्रकांत अशा वेळी लिहायचं काय, ते कधी छापलेलं नव्हतं. उगाच काहीतरी करायचं म्हणून मी फाइल उघडली आणि फॉर्मची कार्बन प्रत बघत बसलो. बघता बघता लक्षात आलं. पालकाचा रकाना वेगळा होता. तिथे चाचांचं नाव घातलं की काम भागत होतं. मुलांची नावं बदलायची काहीच गरज नव्हती.

"चाचा, मुलांची नावं का बदललीत? ते कुणी मागितलं नव्हतं."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला. वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला आणि ओठांतल्या ओठांत वाचायला लागले. "हमीदा अब्दुल गनी परकार. यूसुफ अब्दुल गनी परकार. जैनब अब्दुल गनी परकार..." अकराही. मधे कुठे अडखळले नाहीत.

"टाइप करून बघितलं," ते म्हणाले. "कसं दिसतं ते."

होडी देऱ्याच्या धक्क्याला टेकली. लोक उठले. चाचा घाईघाईनं खाकरले. "ही शालेची प्रत हाय. फायलीला लाव."

मी हात पुढे केला. कागद त्यांनी सोडला नाही.